सूर्य छपरावर बसवायचा की छपरातच?

जावयाच्या घरी सासऱ्याने दोन गोष्टी करू नयेत, असे आमची आजी सांगत असे. एक, पानात वाढलेले टाकू नये. आणि दुसरी, न विचारता मत देऊ नये. पहिली गोष्ट मी आजवर निष्ठेने पाळत आलो. दुसरी मात्र २०२५ सालच्या जुलै महिन्यात, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, एडिसन गावी, जेवणाच्या टेबलावर मोडली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपराधाची कबुली आहे असे समजा. वीज मंडळात चौतीस वर्षे काढलेल्या माणसासमोर कोणी विजेचा विषय काढला, तर त्याने तोंडात गुळणी धरून बसावे तरी किती वेळ?

त्याचे असे झाले. आमच्या लेकीचे तिथले घर एकवीस वर्षांचे. तिकडची बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. वर उतरते छप्पर, छपराला लाकडी फळ्या आणि फळ्यांवर डांबराच्या चपट्या पट्ट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक ठोकलेल्या. त्यांना शिंगल म्हणतात. या शिंगलांचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचे. लेकीच्या छपराची घटका भरत आली होती. नातीच्या खोलीत वरती एक तांबूस डाग उमटला होता, आणि दर पावसागणिक तो एखाद्या महत्त्वाकांक्षी राजाप्रमाणे नवा मुलूख काबीज करीत होता. छप्पर बदलणे प्राप्त होते.

“छप्पर काढतोच आहोत, तर सूर्याची वीजही घेऊन टाकू,” जावईबापू म्हणाले. विचार उत्तम होता. प्रश्न एवढाच होता, की कशी घ्यायची?

मार्ग दोन होते. एक सर्वांच्या ओळखीचा : नवे साधे छप्पर घालायचे आणि त्यावर निळी-काळी पॅनेल्स बसवायची. दुसरा नव्या चालीचा : छपराचे शिंगलच असे घ्यायचे, की पाऊसही तेच अडवतील आणि वीजही तेच देतील. जावईबापूंचे मन दुसऱ्यावर जडले होते. लेक वहीत आकडे मांडून गप्प बसली होती. तिचे हे गप्प बसणे आम्हां उभयतांना चांगले परिचयाचे आहे.

वाळूतून वीज

पुढे जाण्याआधी थोडे मुळाकडे जाऊ. पॅनेल घ्या नाही तर शिंगल घ्या, आतले रहस्य एकच. प्रकाश पडला असता वीज उत्पन्न होते, हे फ्रान्समध्ये एदमाँ बेकरेल याने १८३९ साली पाहिले. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स या अमेरिकन गृहस्थाने सेलेनियमवर सोन्याचा अगदी पातळ थर देऊन पहिला सौर घट बनवला. पण पडलेल्या प्रकाशातला जेमतेम शंभरावा हिस्सा त्याच्या पदरात पडला. खरा उजेड पडला तो १९५४ च्या एप्रिलमध्ये. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या बेल प्रयोगशाळेतल्या त्रिकुटाने सिलिकॉनचा घट जगापुढे मांडला. प्रकाशाचा सहा टक्के भाग त्याने विजेत आणला. आज बाजारातली चांगली पॅनेल्स वीस ते तेवीस टक्के आणतात.

सिलिकॉन म्हणजे वाळूतले मूलद्रव्य. त्याच्या पातळ चकतीत एका बाजूला फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूला बोरॉनचा अंश मिसळला, की मधल्या सीमेवर एक अदृश्य उतार तयार होतो. सूर्यकिरणाच्या धक्क्याने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्या उतारावरून एकाच दिशेला धावतात. तीच वीज. एका घटाचा दाब असतो अर्धा व्होल्ट. म्हणून पुष्कळ घट एकापुढे एक ओवून माळ करावी लागते.

ही माळ ध्यानात ठेवा. दिवाळीच्या दिव्यांच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ विझे, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. सौर घटांचेही काहीसे तसेच आहे. एका घटावर झाडाची किंवा धुराड्याची सावली पडली, तर सबंध ओळीचा प्रवाह अडतो. त्यावर उपाय म्हणून अडलेला भाग वगळून वीज पुढे नेणारे डायोड पॅनेलमध्येच बसवलेले असतात. तरी सावली ती सावलीच.

देखणी सून आणि कामसू सून

आता दोघींची तुलना करू. शिंगल देखणे, यात वाद नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात टेस्ला कंपनीच्या एलॉन मस्क यांनी लॉस एंजेलिसला एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी उभारलेल्या घरांवर आपली काचेची सौर कौले दाखवली, तेव्हा छपरातून वीज निघते आहे हे सांगितल्याखेरीज कळणे कठीण होते. पुढे २०२२ मध्ये जीएएफ या छपरांच्या जुन्या कंपनीच्या सौर शाखेने साध्या शिंगलासारखे खिळे मारून ठोकता येणारे सौर शिंगल आणले. पॅनेल म्हणजे छपरावर मांडलेली खाट. शिंगल म्हणजे अंगाबरोबर शिवलेला सदरा. जावईबापूंचे मन कुठे अडकले होते ते आता कळेल.

पण सदऱ्याला वारा लागत नाही! पॅनेल छपरापासून चार बोटे उंच असते. खालून हवा खेळते. शिंगल फळीला चिकटलेले असते. आणि सिलिकॉनची खोड अशी, की त्याला ऊन हवे पण ऊब नको. पॅनेलवर छापलेली क्षमता पंचवीस अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यावर प्रत्येक अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का वीज घटते. भर दुपारी पॅनेल साठ अंशांवर गेले तर दहा-बारा टक्के तिथेच गेले. शिंगल त्याहून तापते. शिवाय त्याची मूळ कार्यक्षमताही बहुधा पॅनेलपेक्षा कमी असते. तेवढ्याच विजेला जास्त छप्पर लागते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. सात किलोवॉटला पॅनेल्स लागतात सतरा-अठरा. शिंगल लहान, म्हणून संख्या मोठी, आणि जितके तुकडे तितके जोड. वीज खात्यात जन्म काढलेल्या माणसाला विचारा : तार क्वचितच दगा देते, दगा देतो तो सांधा. पॅनेल बिघडले तर बोल्ट सैल करून दुसरे बसवता येते. शिंगल बिघडले तर छपराला हात घालावा लागतो.

तिसरी गोष्ट, उद्या ते शिंगल मिळेल का? डाऊ या रसायन कंपनीने २००९ साली सौर शिंगलांची मोठ्या गाजावाजाने घोषणा केली, २०११ मध्ये ती विकायला आणली आणि २०१६ मध्ये तो धंदा आवरता घेतला. ज्यांनी ती घरावर घातली, त्यांना एखादा तुकडा बदलायचा तर जोडीदार कुठून आणायचा? पॅनेलचे मात्र एका कंपनीचे गेले तर थोड्या फेरफाराने दुसरीचे त्या जागी बसते. खुद्द मस्क यांनी २०१९ च्या अखेरीस आठवड्याला हजार छपरे घालण्याचा मनसुबा बोलून दाखवला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनाच कबूल करावे लागले, की छपराछपरातला फरक आणि त्याची अवघड कामे यांचा अंदाज बांधताना मोठ्या चुका झाल्या. दोन घरांची छपरे सारखी नसतात, हे आपल्या गावचा सुतारही सांगेल.

वहीतले आकडे

हे सारे मी त्या रात्री सांगितले नाही. आधी जावईबापू बोलले, आणि त्यांचा एक मुद्दा तर माझ्या ध्यानातच आला नव्हता.

अमेरिकेत घरावर सौर यंत्रणा बसवली तर खर्चाच्या ३० टक्के रक्कम आयकरातून वजा होत असे. २०२२ च्या कायद्याप्रमाणे ही सवलत २०३२ पर्यंत चालायची होती. पण ४ जुलै २०२५ ला नव्या कायद्यावर सही झाली आणि तिची अखेर ३१ डिसेंबर २०२५ ला येऊन ठेपली. विक्रेत्यांचे दूरध्वनी सकाळ-संध्याकाळ खणखणू लागले. “बाबा, साध्या छपराला ही सवलत नाही,” जावईबापू म्हणाले, “पण सौर शिंगल छपराचेही काम करते आणि विजेचेही, म्हणून त्याच्या खर्चाला ती मिळते. खरा फरक वाटतो तेवढा नाही.”

लेकीने वही पुढे सरकवली. साधे छप्पर सोळा हजार डॉलर, त्यावर सात किलोवॉटची पॅनेल्स एकवीस हजार, एकूण सदतीस. तेवढ्याच विजेचे शिंगल-छप्पर अठ्ठावन्न हजार. सवलत धरली तर एकीकडे तीस हजार सातशे, दुसरीकडे चाळीस हजार सहाशे. फरक नऊ हजार नऊशेचा.

“आणि मुदत हुकली तर?” मी विचारले. झाले! आजीचा नियम मोडला.

टेबलावर शांतता पसरली. सौ.ने माझ्याकडे जे पाहिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

लेकच बोलली. “मुदत हुकली तर एकवीस हजारांचा फरक, बाबा. शिंगलवाले लेखी तारीख देत नाहीत. ‘डिसेंबरपर्यंत नक्की’ असे तोंडी सांगतात. आणि ते एकवीस हजार कुठून काढायचे ते आम्हां दोघांना ठाऊक आहे.” तिची नजर जिन्याकडे गेली. वर सोळा वर्षांची नात अभ्यास करीत होती. दोन वर्षांनी तिचे कॉलेज. तिच्या नावाने जमवलेली पुंजी हीच काय ती घरातली गंगाजळी.

जावईबापू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लहानपणी आमच्या चाळीच्या छपरावर फुटके पत्रे आणि त्यांवर विटा होत्या, बाबा. आपले घर रस्त्यावरून चांगले दिसावे, असे मला तेव्हापासून वाटते.”

यावर कोणता वीज अभियंता काय उत्तर देणार? इतका वेळ मी शिंगलांचा खर्च मोजत होतो; त्या माणसाला ती का हवी होती, हे विचारायचे मला सुचले नव्हते. मी म्हटले, “दक्षिणेची बाजू कोणती?”

“मागची. परसाकडची.”

“मग पॅनेल्स तिकडेच बसणार. रस्त्यावरून दिसेल ते नवे कोरे छप्पर.”

ते प्रथम हसले नाहीत. अंगणात गेले, अंधारात छपराकडे पाहून आले, आणि मग हसले. जाता जाता मलाही एक धडा देऊन गेले. मी म्हटले होते, जुन्या छपरावरच पॅनेल्स टाका, सोळा हजार वाचतील. ते म्हणाले, “पॅनेल पंचवीस वर्षांचे, छप्पर चार वर्षांचे उरलेले. चार वर्षांनी सगळे उतरवून पुन्हा चढवायचे भाडे कोण देणार?” बरोबर होते. आधी छप्पर, मग पॅनेल. नोव्हेंबरात काम पुरे झाले. नातीच्या खोलीतला तांबूस राजा पदच्युत झाला.

आपल्या घरी काय?

वाचकहो, ही गोष्ट अमेरिकेची. आपण शहरात सपाट स्लॅबखाली राहणारी माणसे. शिंगलला उतार लागतो. सपाट गच्चीवर त्याचे काही काम नाही. उलट पॅनेलला आपली गच्ची फार सोयीची. पुण्यासारख्या ठिकाणी दक्षिणेला तोंड करून अठरा-वीस अंशांचा कल दिला, की झाले. एका किलोवॉटला शंभर चौरस फूट मोकळी जागा हवी. वर्षाची सरासरी धरली तर तो दिवसाला चार युनिटे देतो, पावसाळ्यात कमी आणि चैत्र-वैशाखात अधिक. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांचे अनुदान ठरले. जागा पाहावी, सावली पाहावी, स्लॅबला ओल आहे का ते पाहावे, आणि मगच कागदावर सही करावी. गळका स्लॅब आधी दुरुस्त करून घ्यावा. जावयाचा धडा इथेही लागू आहे.

कोकणातल्या मंगलोरी कौलांचे म्हणाल, तर ती कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढलेल्या कारखान्यातून प्रथम निघाली, आणि अजून त्यांच्या तोडीचे छप्पर नाही. पण पॅनेल लावणाऱ्याचा पाय पडला की ती फुटतात. तिथे आधी वासे-रिपा तपासाव्यात. त्यापेक्षा अंगणात लोखंडी मांडव घालून त्यावर पॅनेल्स बसवावीत, हे उत्तम.

परत आल्यावर आम्हीही गच्चीवर तीन किलोवॉट बसवायचे ठरवले. सौ.ने एकच अट घातली. “पापड-कुरडयांचे ऊन तुमच्या पॅनेलला मिळणार नाही.” म्हणून गच्चीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग विजेचा आणि उरलेला वाळवणाचा, असा तह झाला.

त्या तहावर विचार करताना आजीचे स्वयंपाकघर आठवले. कौलांच्या रांगेत चुलीच्या वर एक काचेचे कौल होते. दहाच्या सुमारास त्यातून उन्हाचा चौकोन बरोबर तिच्या परातीत उतरे. तोवर ती दिवा लावीत नसे. सूर्य छपरात बसवायची कल्पना तिच्याकडे आधीच होती, आणि खर्च एका कौलाचा! नात पुढच्या दिवाळीला यायची आहे. तिला गावी नेऊन ते कौल दाखवायचे आहे. ते अजून शाबूत आहे.