चाच्याचे सोंग आणि सरखेलांचे गुराब

तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे मुले लाकडी बैल घेऊन निघतात, तेव्हा त्यांच्या अंगावर नाना तऱ्हेचे वेष असतात. कोणी शिवाजी महाराज होतो, कोणी गाडगेबाबा, कोणी फौजदार. अलीकडे त्या मेळ्यात एखादा समुद्री चाचाही दिसू लागला आहे. एका डोळ्यावर काळी पट्टी, डोक्याला रुमाल, कमरेला पुठ्ठ्याची तलवार आणि टोपीवर कवटी नि दोन हाडे. यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण सिनेमाने हा पोशाख गावोगाव पोचवला. गुरुजींनी त्या मुलाला बक्षीस खुशाल द्यावे. मात्र त्याला एक प्रश्न जरूर विचारावा, "बाळ, तू कोणत्या समुद्रातला चाचा?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधू लागले की माणूस फार लांब जाऊन पोचतो.

युरोप-अमेरिकेत चाच्याचे सोंग हा पोरांचा खेळ राहिलेला नाही. ती मोठ्या माणसांची हौस झाली आहे. इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावी २२ जुलै २०१२ रोजी चौदा हजार दोनशे एकतीस माणसे एका वेळी चाच्यांच्या वेषात जमली आणि त्यांनी जागतिक विक्रम नोंदवला. अमेरिकेत टँपा शहरात १९०४ सालापासून चाच्यांचा उत्सव भरतो. एका शिडाच्या जहाजातून वेषधारी मंडळी येतात आणि शहर "जिंकतात". त्या कामासाठी १९५४ साली खास जहाजच बांधून घेतले. गंमत अशी की, ज्या गास्पार नावाच्या चाच्याचा हा उत्सव, तो माणूस खरोखर होऊन गेल्याचा काही पुरावा नाही!

पण या हौशी लोकांत एक वर्ग मोठा चिकित्सक असतो. ते त्या काळचे कापड शोधून कपडे हाताने शिवतात, दोराच्या गाठी शिकतात, शीड चढवतात-उतरवतात, ठासणीच्या बंदुका चालवून पाहतात. आपल्याकडच्या बहुरूप्याला जसे फौजदाराचे सोंग घेताना फौजदाराची चाल आणि दरडावणी साधावी लागते, तसेच हे. नुसती पगडी घातली म्हणजे सोंग वठत नाही.

आता हे लोक सोंग कोणाचे घेतात? बहुतेक इ. स. १६९० ते १७२० च्या सुमारास वावरणाऱ्या इंग्रज चाच्यांचे. आणि त्यांतले नामांकित चाचे लुटायला कोठे आले होते, तर आपल्याच समुद्रात. हेन्री एव्हरी याने १६९५ साली मक्केहून सुरतेला परतणारे 'गंज-ए-सवाई' हे मोगलांचे प्रचंड जहाज लुटले. त्यावर यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांचे अनन्वित हाल झाले. औरंगजेब बादशहाचा संताप अनावर झाला आणि सुरतेचे इंग्रज व्यापारी बेड्यांत पडले. एव्हरी मात्र कोणाच्याच हाती लागला नाही. दुसरा विल्यम किड. हा निघाला चाच्यांना पकडायला आणि स्वतःच चाचा बनला. १६९८ साली त्याने याच बाजूला एक मोठे व्यापारी जहाज धरले; १७०१ साली लंडनमध्ये त्याला फाशी झाली.

हे लक्षात ठेवा आणि आता पुढचे ऐका. यानंतर अवघ्या दहापंधरा वर्षांत मुंबईचे इंग्रज "चाचा, चाचा" म्हणून ज्याच्या नावाने ओरडू लागले, तो म्हणजे आपला कान्होजी आंग्रे! मराठ्यांचा सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य सेनापती. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांशी करार होऊन कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले. त्यांचे सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले. अलिबागचा कुलाबा हे त्यांचे ठाणे. ज्याला राजाने पद दिले, किल्ले दिले, मुलूख दिला, तो चाचा कसा?

भांडणाचे मूळ दस्तकात होते. दस्तक म्हणजे परवाना. आपल्या किनाऱ्यावरून माल न्यायचा तर आमचा परवाना घ्या आणि त्याची रक्कम भरा, असे कान्होजींचे म्हणणे. नाक्यावर जकात घेतात ना, त्यातलाच प्रकार. हा पायंडा काही त्यांनी नवा पाडला नव्हता. त्यांच्या आधी दोनशे वर्षे पोर्तुगीज हिंदी व्यापाऱ्यांकडून असेच परवाने सक्तीने घ्यायला लावीत होते. त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. इंग्रजांना मात्र परक्या मुलखात परक्याचा परवाना नको होता. कान्होजींनी जहाज धरले की ती लूट, आणि इंग्रजांनी मराठ्यांचे गलबत धरले की तो बंदोबस्त!

अर्थात आंग्र्यांचे आरमार म्हणजे भजनी मंडळ नव्हते. १७१२ साली त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराची हत्यारबंद नौका धरली, तेव्हा तिच्यावरचा कंपनीचा एक अधिकारी मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदेत पडली. युद्धात होते ते सारे तेथेही झाले. इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर, १७२० साली पुन्हा विजयदुर्गावर हल्ला केला. १७२१ साली पोर्तुगिजांना बरोबर घेऊन ते कुलाब्यावर चालून गेले. एकही ठाणे हाती आले नाही. १७२९ साली कान्होजी वारले, ते अजिंक्यच. एवढी मोहीम कोणी चोरावर काढीत नसते.

आता ज्यावर बसून हे सारे घडले त्या जहाजांकडे वळू. मुख्य जहाज गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे. लहान गुराब सुमारे दीडशे टनांचे, मोठे तीनशेचे. पाण्यात ते फार खोल बसत नसे, म्हणून खाडीत सहज शिरे. इंग्रजांची खोल बुडाची जहाजे मागे आली की त्यांना बाहेरच थांबावे लागे. गुराबाची नाळ, म्हणजे पुढची निमुळती बाजू, लांब आणि ठेंगणी असे आणि तिच्यावरून दोन मोठ्या तोफा सरळ पुढे मारा करीत. दुसरी नौका गलबत. हे साधारण सत्तर टनांच्या आतले, वर हलक्या तोफा आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की शिडाचे परदेशी जहाज जागच्या जागी खिळून राही. तेव्हा गलबते गुराबांना दोर बांधून ओढीत आणि शत्रूच्या पिछाडीस नेऊन उभी करीत. त्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना. पाठीमागे मारायला फारशा नाहीत. आधी डोलकाठ्या आणि दोर उडवायचे, जहाज लंगडे करायचे, मग चारी बाजूंनी तलवारी घेऊन वर चढायचे. चिखलात रुतलेल्या रेड्याला कोल्ह्यांनी घेरावे तशी ही लढाई.

त्या आरमाराचा शेवट वाईट झाला. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे बंदरातच जळाली. पेशव्यांचे आणि तुळाजींचे वैर होते, आणि या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे शाळेत शिकवताना झाकून ठेवू नये.

जहाज जळाले, मग त्याचे सोंग कसे आणायचे? याची दोन उदाहरणे सांगतो. त्यांतले पहिले सागवानाचे. घाटंजी-पांढरकवड्याकडच्या मंडळींना सागाची थोरवी मी काय सांगावी? सागात अंगचेच तेल असते; पाणी आणि कीड त्याला लवकर बाधत नाही, आणि आतला लोखंडी खिळाही ओकाच्या लाकडात गंजतो तसा गंजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी घराण्यातील कारागिरांनी १८१७ साली मलबारी सागाचे 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज ब्रिटिश नौदलासाठी बांधले. दोनशे वर्षांवर होऊन गेली तरी ते इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभे आहे. तेथे जुन्या खलाशांच्या वेषातील माणसे प्रेक्षकांना जहाजावरचे जिणे समजावून देतात. त्यांच्या पायाखालची सागाची लाकडे आपल्या देशातली आहेत, हे किती प्रेक्षकांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे.

दुसरे उदाहरण तर आपल्या दारचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातले एक शिडाचे जहाज आहे. अजिंठ्याची कितीतरी लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली, आणि त्याच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम! त्या चित्रावरून भारतीय नौदलाने आणि केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने गोव्यात खरे जहाज बांधवून घेतले. त्याचे नकाशे नाहीत, मापे नाहीत, जुना सांगाडाही नाही. हाती काय, तर एक चित्र. केरळच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या आणि फटी राळेने बुजवल्या. ते पाण्यावर नीट तरेल का, हे आधी मद्रासच्या आय.आय.टी.त लहान नमुन्यावर तपासले. मे २०२५ मध्ये 'कौंडिण्य' नावाने ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. त्याला यंत्र नव्हते. होती ती चौकोनी शिडे आणि वल्ह्यासारखे सुकाणू. भिंतीवरच्या चित्राला समुद्रात उतरवणारे हे सोंग मला टँपाच्या उत्सवापेक्षा शंभरपट मोलाचे वाटते. चित्रकाराने काय खरे काढले आणि काय शोभेसाठी, हे वारा अंगावर आल्यावाचून कळत नाही.

राहता राहिली दारू. बंदुकीची म्हणतो मी. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी पूड. ठासणीची बंदूक आपल्या खेड्यांना अनोळखी नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. नळीत तोंडाकडून दारू घालायची, वर गोळी, मग गजाने ठासायचे. जुन्या तोड्याच्या बंदुकीला बाहेर कानाशी चिमूटभर बारीक दारू ठेवीत. तिला म्हणत रंजक. तोडा म्हणजे शोऱ्यात भिजवून वाळवलेली, हळूहळू धुमसणारी सुती दोरी, तीच जामगी. जामगी रंजकाला टेकली की आत बार. कधी रंजक फुर्रकन उडून जाई आणि आतला बार पेटत नसे. कधी तो क्षणभर थांबून पेटे. तो क्षण घातकी. पाऊस आला, लाट आली, की सगळेच फुकट. जहाजावर एकीकडे धुमसती जामगी आणि दुसरीकडे दारूची पिंपे, असा तो संसार होता.

परदेशातले जाणते हौशी लोक म्हणूनच फार कडक नियम पाळतात. खेळात गोळी कधीही भरायची नाही, नुसता बार. नळी कोणाकडेही रोखायची नाही. भांड्यातून दारू थेट नळीत ओतायची नाही, कारण आत मागच्या बाराची ठिणगी असली तर भांडेच हातात फुटते. मापून वेगळी पुडी घ्यायची. तोफेत ओला बोळा फिरवल्यावाचून दुसरा बार भरायचा नाही. बार उडाला नाही तर वाकून पाहायचे नाही, थांबायचे. एवढे करूनही अपघात होतातच. आपल्याकडे परवान्यावाचून दारू बनवणे हा गुन्हा आहे, आणि शाळेच्या कार्यक्रमात किंवा मिरवणुकीत पाइपाची तोफ करून ती उडवणे हा शुद्ध वेडेपणा. पोराच्या हाताची बोटे एकदा गेली म्हणजे इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकातून ती परत येत नाहीत.

दारूवाचूनही खेळ रंगतो. दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात ते बहुधा डोंगरी असतात. एखाद्या वर्षी घमेल्यात पाणी घेऊन त्यात खांदेरी बेट करून पाहा. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत, तेव्हा चित्रे मिळणे अवघड नाही. बोरूचे किंवा बांबूच्या कामट्यांचे गुराब करावे. नाळ पुढे काढावी, बूड उथळ ठेवावे. शेजारी इंग्रजी जहाज खोल बुडाचे करावे आणि दोन्ही किनाऱ्याकडे ढकलून कोणते आधी रुतते ते मुलांनाच पाहू द्यावे.

आणि वेष घ्यायचाच असेल तर दस्तकाचा प्रवेश बसवा. एक मुलगा आंग्र्यांचा तांडेल, एक कंपनीचा कप्तान, एक सुरतेचा व्यापारी. तांडेल परवाना मागतो, कप्तान नाही म्हणतो आणि व्यापाऱ्याचा माल मधल्यामध्ये अडकतो. पोळ्यात झडत्या म्हणणाऱ्या गावाला सवालजवाब शिकवायला नको. कप्तानाचे काम मात्र वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलाला द्या. त्याचीही बाजू आहे, आणि ती लंगडी पडली तर तांडेलाला उत्तर शोधण्याचे श्रमच पडणार नाहीत. व्यापाऱ्याच्या गलबतात काय भरावे, असा प्रश्न पडेल. सुरतेचा व्यापारी म्हणजे कापड आलेच. ठाण दाखवायला आपल्याकडचा कापूस ढीगभर आहे.