तार कुणीकडं ओढते?

एक एमएमचं ड्रिलबिट बोल्टच्या डोक्यात शिरतं, कुरकुरतं आणि टिक् करून मोडतं. मेस्त्री मशीन बंद करतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि हँडल ओढणाऱ्या पोराला एवढंच विचारतात, “रेटलास न्हवं?” पोरगा उत्तर देत नाही, दुसरं बिट शोधायला लागतो. बोल्ट गेल्यात जमा. मोडलेलं टोक आतच अडकलंय, ते उकरत बसण्यापेक्षा नवा बोल्ट परवडला. मेस्त्रींनी बोल्ट जादाचेच आणून ठेवलेत, बिटंही. असल्या कामात दोन्ही मोडणार, हे गृहीतच.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, रात्रीचे साडेनऊ. शेजारचे लेथ बंद झालेत, पण हवेतला कटिंग ऑइलचा वास गेलेला नाही. गाळ्याच्या मधोमध दोन स्टँडांवर यामाहा आर-१५ उभी आहे. पहिल्या नजरेला ती दुरुस्तीला आलेली वाटत नाही, चोरांनी सोलून टाकलेली वाटते. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर, आरसे, नंबरप्लेट, साइड स्टँड, मागच्याचे फुटरेस्ट, सगळं उतरवून एका खोक्यात टाकलंय. साइड स्टँडनं थोडा त्रास दिला म्हणे. तो काढल्यावर गाडी गिअरमध्ये टाकली की बंद पडायला लागली; स्टँडचा स्विच इंजिनाला ‘स्टँड अजून खालीच आहे’ असं सांगत होता. आता त्या वायरी जोडून, वर टेप गुंडाळून कोपऱ्यात बांधून टाकल्यात.

उद्या ही गाडी टेम्पोत चढणार. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. क्लब १९५३ सालचा, ट्रॅक पावणेचार किलोमीटरच्या आतबाहेरचा. तिथं राष्ट्रीय मोटारसायकल अजिंक्यपद स्पर्धेची फेरी आहे. पण शर्यत नंतर. आधी स्क्रुटिनी. तपासणीस टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतो, हलवून बघतो, ओढून बघतो, खाली वाकून बघतो, आणि मनासारखं असेल तर स्टिकर चिकटवतो. स्टिकर नसेल, तर हजार किलोमीटरवरून आलात काय नि गल्लीतून आलात काय, ट्रॅकवर पाय ठेवता येत नाही.

गाडी जिची आहे ती मुलगी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून ॲल्युमिनियमच्या एका तुकड्याच्या कडा कानशीनं मारतेय. कॉलेजात आहे, हाताला काळं लागलंय, केसांत बुरादा. तुकडा माशाच्या परासारखा कापलेला आहे आणि तो मागच्या स्प्रॉकेटच्या खाली, चेन जिथं दात पकडते तिथं बसणार. गाडी पडली आणि कुणाचा हात किंवा पाय तिथं गेला, तर चेन त्याला आत ओढून घेते. पराचं काम बोटं बाहेर ठेवायचं. मेस्त्री येतात, कडेवरून अंगठा फिरवतात.

“अजून लागतंय.”

“मी तीनदा घासलो की काका.”

“बोट वाचवायला लावायचं आणि त्यानंच बोट कापायचं?”

ती पुन्हा घासायला लागते.

कोल्हापूरला वेगाची हौस नवी नाही. इथं मोहित्यांचं सर्किट आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्यात; २०१८ साली ब्रिटिश एफ-३ मध्ये धावलेला कृष्णराज महाडिक इथलाच. आणि उद्यमनगरात तर जुन्या पिढीतले कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव काढलं की आजही लोक बोलता बोलता थांबतात. यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं, तसंच दुसरं आपण ओतून-कातून काढायचं, ही इथली रीत. त्यामुळे गाळ्याशी कुणी डोकावलं की प्रश्न ठरलेला: “कितीला पळती?” मघापासून दोघं विचारून गेलेत. एकानं तर सायलेन्सरमध्ये काय केलंय तेही विचारलं. मेस्त्रींनी दोघांनाही चहा पाजला आणि काही सांगितलं नाही. इंजिनाचं काम कधीच संपलंय, त्याबद्दल ते बोलतही नाहीत. आजची रात्र फक्त काय सुटू शकतं, काय गळू शकतं आणि काय अडकू शकतं, एवढ्यासाठी आहे.

नवा बोल्ट आता व्हाइसमध्ये. हा ऑइल नट, इंजिनाच्या पोटाखालचा, ज्यातून जुनं तेल सोडतात तो. सहा पैलूंच्या डोक्याच्या एका कोपऱ्यातून तिरकं, आरपार भोक पाडायचंय. सपाट बाजूवर बिट घसरतं, म्हणून मेस्त्री आधी त्रिकोणी कानशीनं बारीक खाच करतात, खाचेत सेंटर पंचाची टिचकी मारतात, मग थेंबभर तेल. “दाबायचं न्हाई. बिटाला जाऊ द्यायचं. जरा गेलं की भाईर काढायचं, चुरा झाडायचा, परत.” पोरगा या वेळी श्वास धरून हँडल ओढतोय. चमकदार वेटोळी बाहेर येतात, केसाइतकी बारीक. दुसऱ्या बाजूनं बिटाचं टोक दिसतं. कुणी काही बोलत नाही, मुलगी मात्र कानस थांबवून बघते.

बोल्ट आपल्या जागी बसतो, टॉर्क रेंच कटकन वाजतो. मग तार. स्टेनलेस स्टीलची, पाऊण एमएमच्या आसपास जाड. ती बोल्टच्या भोकातून ओवायची, दोन्ही टोकं एकत्र पिळायची आणि जवळच्या घट्ट भागाला बांधायची. तेलाचं झाकण, ऑइल फिल्टरच्या कव्हरचे बोल्ट, पुढच्या ब्रेकचा कॅलिपर धरणारे बोल्ट, सगळ्यांना हेच. घट्ट आवळलेला बोल्टसुद्धा थरथरीनं ढिला होतो. दहा-अकरा हजार आरपीएमवर फिरणारं इंजिन दिवसभर त्याला हलवत असतं. तारेनं बोल्ट घट्ट होत नाही. तार फक्त त्याला फिरू देत नाही.

पीळ द्यायला त्या पोराला बोलावलं जातं, आणि मघाचा मान खाली घातलेला पोरगा एकदम वेगळा दिसायला लागतो. तो हुपरीचा. घरात चांदीचं काम, पैंजणांचं. पक्कडीत टोकं धरतो, हलका ताण देतो आणि मनगट फिरवतो. पीळ एकसारखा पडत जातो, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. तयार लॉकवायर पक्कडही गाळ्यात आहे, मागची मूठ ओढली की आपोआप फिरणारी. पण अडचणीच्या जागी ती शिरत नाही, आणि पोराला तिचा तिटकाराही दिसतो. शेवटचं टोक तो आतल्या बाजूला वळवून दडवतो. त्या टोकानं मेकॅनिकचे हात फाटतात, तपासणीसाचेही. आणि तपासणीसाचं बोट फाटल्यावर त्याची नजर जास्त तीक्ष्ण होत असावी, असा माझा अंदाज.

मेस्त्री टॉर्च मारतात. “तार कुणीकडं ओढती?”

पोरगा बोटानं दाखवतो.

“आणि बोल्ट सुटतो कुणीकडं?”

पोरगा गप्प. मग पक्कड घेऊन, स्वतःच केलेला तो देखणा पीळ कापून टाकतो. तार बोल्टच्या चुकीच्या बाजूनं गेली होती. ताण आवळायच्या दिशेला हवा, तो सुटायच्या दिशेला पडत होता. दिसायला हारासारखी, कामाला शून्य. दुसऱ्यांदा तो आधी हवेत बोट फिरवून दिशा ठरवतो, मग तार ओवतो.

हे सगळं कुणासाठी, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागतो. ऑइल नट पडला तर या गाडीचं इंजिन जाईल, हे खरंच. पण इंजिनापायी कुणी नियम करत नाही. नियम आहे तो मागून येणाऱ्यासाठी. वळणावर तेल सांडलं, की ज्याचं सांडलं तो बहुतेकदा पुढं निघून गेलेला असतो. घसरतात ते पाठचे. १९७३ च्या मे महिन्यात इटलीत मोंझाला यार्नो सारिनेन आणि रेन्झो पासोलिनी हे दोन रेसर एकाच वळणावर गेले. आधीच्या ३५० सीसीच्या शर्यतीत एका गाडीचं तेल गळलं होतं आणि ट्रॅक नीट पुसला गेला नव्हता, असं पुढं कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले. पासोलिनीच्या गाडीचं इंजिनच जाम झालं, असंही म्हणतात. वाद काहीही असो, सांडलेल्या तेलाची धास्ती शर्यतीच्या जगानं सोडली नाही.

पाण्याचंही तेच. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरायचं असतं. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं तर बुळबुळीत राहतं आणि लवकर वाळतही नाही. पाणी उडून जातं. मेस्त्रींनी रेडिएटर धुऊन बॅटरीचं पाणी भरलंय. तरी आता झाकण उघडून त्यात करंगळी बुडवतात, अंगठ्यावर चोळतात. चिकट लागतंय. एवढंसंच, पण लागतंय. न बोलता ड्रेन बोल्ट सोडतात आणि गाळ्यातल्या फरशीवर पाणी वाहतं. मुलगी घड्याळाकडं बघते.

“काका, एवढं कोण बघतंय तिथं?”

“तो बघंल न बघंल. आपण बघितलंय न्हवं आता?”

पाणी पुन्हा भरलं जातं, इंजिन थोडं चालवून पुन्हा सोडलं जातं. तोवर मुलगी मोबाइलवर २०२३ चा व्हिडिओ लावते. सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली होती, त्यातला पिटमधला तुकडा. कोट्यवधींची गाडी, फेअरिंग उतरवलेली. मेस्त्री व्हिडिओ थांबवायला सांगतात, दोन बोटांनी चित्र मोठं करतात. शर्यतीत कोण जिंकलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, ते कॅलिपरचा बोल्ट शोधतायत. सापडतो. “ही बघ. ह्यास्नीबी तार हाय.” चेहऱ्यावर समाधान, जणू भाऊबंद भेटलेत.

अकराच्या पुढं मेस्त्री स्वतः तपासणीस होतात. अंगात कुठून तरी आणलेला पांढरा कोट चढवतात. त्याच्यावर ग्रीसचे डाग आहेत, पण पवित्रा खरा आहे. हँडल पूर्ण डावीकडं. ॲक्सिलरेटर पिळून सोडतात: टप्प, मूठ आपोआप परत. उजवीकडं वळवून तसंच. मधेच कुठं केबल ताणली गेली तर मूठ अडकते, म्हणून दोन्ही टोकांना बघायचं. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरची टोकं गोल आहेत ना, गोटीसारखी. पडताना ती दुसऱ्याच्या अंगात घुसू नयेत. हँडलच्या नळीची टोकं बंद आहेत. लाल स्विच दाबला की इंजिन बंद. पुढचं चाक उचलून कोनसेट हलवून बघतात. चाक धरून आडवं हलवतात, बेअरिंग वाजत नाही. इंजिनाच्या श्वासाची नळी एका छोट्या डब्यात सोडलीय, डबा रिकामा आहे आणि पट्टीनं नाही, बोल्टनं बसवलाय.

मग पुन्हा हँडल पूर्ण डावीकडं, आणि या वेळी ते आपला अंगठा क्लचच्या लिव्हर आणि टाकीच्या मधे घालतात. अंगठा अडकतो.

“नापास.”

“काय नापास?” मुलगी उठून उभी राहते.

आंतरराष्ट्रीय नियमात इथं ३० मिलिमीटर मोकळी जागा हवी. गाडी डगमगली, हँडल टोकाला गेलं, तर बोटं टाकी आणि लिव्हरच्या मधे चेंगरायला नकोत. क्लिप-ऑन हँडल खाली सरकवताना हे राहून गेलं. म्हणजे पुन्हा दोन बोल्ट ढिले, हँडल किंचित बाहेर, लिव्हरचा कोन बदलायचा, आणि मग बसून बघायचं, कारण हात नव्या जागी पडतात. ती गाडीवर झोपते, छाती टाकीवर. “मनगट दुखंल,” म्हणते. मेस्त्री पुन्हा थोडं फिरवतात. अंगठा आरामात जातो, शेजारी तर्जनीही. हे काम अर्धा तास खातं, आणि चेन्नईत दुपारच्या उन्हात, दुसऱ्याच्या पान्यांनी केलं असतं तर किती खाल्लं असतं, यावर पोरगा आणि मुलगी पैज लावतात.

सूटची तपासणी पटकन होते. चामड्याचा एकसंध सूट सेकंडहँड घेतलाय. कोपराजवळ शिवण उसवलीय. “चप्पल लाइनीत शिवून आणतो सकाळी,” ती म्हणते. मेस्त्री नाही म्हणतात. पुण्यात सूट शिवणारा एक जण आहे, दोरा त्याच्याकडचाच हवा, दुहेरी. वाटेत कुणाकडून तरी मागवू, नाहीतर तिथं कुणाचा तरी उसना. हेल्मेटचा डबल डी रिंगचा पट्टा ते ओढून बघतात, पाठीचा प्रोटेक्टर बोटांनी वाजवतात आणि पुढं जातात.

राहिला पोटाखालचा पंखा. म्हणजे फेअरिंगचा खालचा भाग, पण इथं सगळे पंखाच म्हणतात. इंजिन फुटलं तर त्यातल्या तेलापाण्याचा निदान निम्मा भाग यात साठला पाहिजे, रस्त्यावर नको. म्हणून त्याच्या कडा उंच आहेत आणि सांधे फायबरनं बुजवलेत. मेस्त्री त्यात बादलीनं पाणी ओततात आणि खाली वर्तमानपत्र पसरतात. सगळे वाकून कागदाकडं बघतात. कागद कोरडा. पुढच्या बाजूला मात्र पंचवीस एमएमचं एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, ते बुचानं बंद करायचं. पाऊस पडून शर्यत ओली जाहीर झाली तरच उघडायचं, नाहीतर पंख्यात पावसाचंच पाणी साठेल.

बूच तिनं आणलाय. काळा, रबरी, घट्ट बसणारा. मेस्त्री तो उलटासुलटा करून बघतात.

“कुठनं आणलीस?”

“केमिस्ट्री लॅब.”

“विचारून?”

ती टेम्पोवाल्याला फोन लावते. पुणे-बेंगळुरू हायवे, आता त्याला ४८ नंबर म्हणतात, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना चाटून बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट श्रीपेरुंबुदूरला जातो, आणि इरुंगट्टुकोट्टई त्याच रस्त्याला आहे. कोल्हापूर सोडलं की वळायचं असं नाही. टेम्पोवाला पहाटे पाचला म्हणतोय. ती साडेचार म्हणतेय. मेस्त्री मधेच हात करून फोन मागतात आणि टेम्पोवाल्याला समजावतात: गाडी पट्ट्यांनी बांधायची, दोरीनं न्हाई; पट्टा हँडलवरून न्हाई, खालच्या क्लॅम्पवरून; आणि मागचं चाक अधांतरी ठेवायचं न्हाई.

“चेन्नईत पाऊस लागला तर, काका?” फोन परत घेत ती विचारते.

“बूच काढायचा. पण आधी शर्यत ओली म्हणून सांगू दे त्यांना. आपल्या मनानं न्हाई काढायचा.”

पोरगा जादाचे तीन बोल्ट, भोक पाडलेले, कागदात गुंडाळून तिच्या सॅकमध्ये टाकतो. तारेचं रीळ मात्र तो देत नाही. रीळ आणि पक्कड घेऊन तो स्वतःच टेम्पोत बसणार आहे, असं आत्ता कुठं सगळ्यांना कळतंय, मेस्त्रींना धरून.