सायकलमार्ग, वर्धा जिल्ह्यातील

वर्धा जिल्ह्यातील सायकलप्रवासास सोयीचे रस्ते मुख्यतः धाम व बोर या नद्यांच्या खोऱ्यांत आहेत. वर्धा शहरापासून प्रत्येकी सु. ८ किमी. वरील सेवाग्राम (महात्मा गांधींचे वास्तव्य १९३६ पासून) व धामकाठचे पवनार (विनोबा भावे यांचा आश्रम) ही स्थळे सपाट, काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यात असल्याने नवख्यासही सुसाध्य आहेत. पवनारहून सेलू-हिंगणीमार्गे बोर धरणाकडे जाणारा रस्ता अधिक रमणीय; तेथे टेकड्या व सागाचे पानझडी जंगल लागते. मात्र बोर हा २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प असल्याने दिवस मावळण्यापूर्वी परतणे इष्ट. उन्हाळा अतितीव्र असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असला, तरी त्यावर सायकलींना मज्जाव आहे.