कायदा बदलला, घर कधी बदलणार?

महाड म्हटले की १९२७ साल डोळ्यांपुढे येते. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर उघडपणे लिहिणारे हे मासिक अनेकांच्या डोळ्यांत खुपत होते. १९३४ मध्ये वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांच्या बाजूने हायकोर्टात उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला जिंकता आला नाही. पण बाबासाहेबांनी हा विषय घाणेरडा म्हणून दूर लोटला नव्हता, ही गोष्ट आपल्या घराघरांत माहीत असायला हवी.

आज ही आठवण काढण्याचे कारण म्हणजे अशा माणसांचे म्हातारपण. पुरुषाला पुरुषाची ओढ, बाईला बाईची ओढ, किंवा देह एक आणि मन दुसरे, अशी माणसे सर्व काळात आणि सर्व जातिधर्मांत जन्माला आली. हे शहरातल्या श्रीमंतांचे चोचले आहेत असे समजू नये. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्या काही जगावेगळ्या नाहीत. एकटा राहिलेला प्रत्येक काका किंवा आत्या तशीच असते असे नाही, आणि मुलेबाळे असलेला माणूस तसा नसतोच असेही नाही. कोण कसा, हे हुडकत बसण्याची गरज नाही. समजून घ्यायचे ते एवढेच, की माणूस विशीत असताना देशात काय चालले होते, त्यावर त्याची साठीनंतरची वर्षे बरीचशी ठरतात.

नाव नसलेली पिढी

१९६०च्या सुमारास जे विशीत होते, त्यांच्या कोवळ्या वयात १९५६ची धम्मदीक्षा झाली. त्याआधी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि पोतराज यांच्या सभेत बाबासाहेबांनी लाजिरवाणे जिणे सोडून देण्यास सांगितले होते. देशावर यल्लम्माला सोडलेल्या जोगत्यांत लुगडे नेसणारे पुरुषही असत. ती प्रथा गुलामीची होती. ती सुटली हे चांगलेच झाले. परंतु ज्यांचे मनच बाईचे होते, त्यांना उभे राहायला गावात तेवढीच एक जागा होती. प्रथा गेली तशी जागाही गेली, आणि दुसरी जागा कोणी दिली नाही. आपल्या कोकणात नमन-खेळ्यांत पुरुष गौळण होऊन नाचे. रात्रभर लोक कौतुक करीत, पण सकाळी त्याने ‘पुरुषासारखे’ वागावे अशीच अपेक्षा असे.

या पिढीची लग्ने थोरल्यांनी ठरवली. गडी माणसे गिरणीत, गोदीत कामाला मुंबईला गेली आणि गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहिली. तिथे कोणाचा जीव कोणावर जडला, तरी त्याला ‘जोडीदार’ यापलीकडे नाव नव्हते. गावी राहिलेल्या बायकोने मुले वाढवली, शेत लावले. तिच्या वाट्याला आलेला एकटेपणाही याच हिशेबात धरला पाहिजे. डोक्यावर कायदा होताच. १८६२ पासून लागू झालेल्या दंडविधानाच्या ३७७ कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. या वडीलधाऱ्यांना गप्प राहण्याची सवय जन्माची आहे. त्यांना आता ‘बोला, बोला’ म्हणून छळू नये.

भीतीची पिढी

१९८०च्या आसपास विशीत असलेल्यांनी वेगळा काळ पाहिला. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने बाईवर प्रेम करणारी बाई मराठी रंगभूमीवर आणली. पण कष्टकऱ्यांच्या घरापर्यंत नाटकापेक्षा संप लवकर पोचला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुष्कळांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर मुंबईची खोलीही गेली. गावी परतलेल्या माणसाचा आडोसा संपला. १९८६ मध्ये भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण सापडले. सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडावे लागले. पहिल्या काही रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. मधल्या अठरा वर्षांत कितीतरी मित्र गेले, आणि मागे राहिलेल्याला मोठ्याने रडण्याचीही सोय नव्हती.

नाव मिळालेली पिढी

१९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट उभा राहिला. २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली. आपण एकटे नाही, हे या पिढीला तरुणपणी कळू शकले. मात्र ते आधी कळले शहरातल्या, इंग्रजी वाचणाऱ्यांना.

पुढे कोर्टाची वाट नागमोडी गेली. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ३७७ कलमाला लगाम घातला. त्या निकालात बाबासाहेबांनी घटना समितीत मांडलेल्या घटनात्मक नीतिमत्तेचा आधार घेतलेला आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. २०१४ मध्ये त्याच कोर्टाने तृतीयपंथीयांना घटनेचे हक्क असल्याचे सांगितले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. १९९० मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा अठ्ठेचाळीसचा झाला होता.

घरच्यांनी काय करावे?

१७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे तीस वर्षे सोबत राहिलेला जोडीदारही आपोआप वारस होत नाही. म्हणून आम्ही काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवतो.

मृत्युपत्र करून ठेवावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी चालते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने सांगितले आहे की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते काढण्यास आणि जोडीदाराला खात्याचा नॉमिनी करण्यास आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही त्यांना एका कुटुंबातले मानावे, असे राज्यांना कळवले आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, मूलबाळ नसलेल्या वृद्धाची जमीन-घर ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याने त्याला पोसले पाहिजे. दाद प्रांताधिकाऱ्यांकडे मागता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांकही आहे.

कागदाने न होणारे काम मात्र आपलेच. ‘हिजडा’, ‘बायल्या’ या शिव्या पोरांच्या तोंडातून घालवा. एकट्या काकाला पडवीत टाकून त्याच्या वाट्याच्या घरावर डोळा ठेवू नका. आजारी आत्याची मैत्रीण भेटायला आली, तर तिला दारातून परत पाठवू नका. आणि कोणी गेले, तर जलदान विधीच्या दिवशी त्याच्या सोबत्याला मंडपाच्या कडेला उभे करू नका. त्याला घरच्यांच्या रांगेत बसवा. त्याचेही घरातले माणूस गेलेले असते.