वळिवड्यातला पोलंड

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात एकेकाळी पोलिश भाषेतून शाळा भरायची, पोलिश नाटकं रंगायची. थट्टा नाही! १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं.

पोलंड कुठे, पंचगंगा कुठे! मग ही माणसं आली कशी?

१९३९ मध्ये पोलंडचे लचके दोघांनी तोडले. पश्चिमेकडून जर्मनीने, पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने. १९४० च्या फेब्रुवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे धाडली गेली. पुढच्याच वर्षी हिटलर रशियावर उलटला आणि कालचे कैदी एकाएकी दोस्त ठरले! सुटका झाली खरी, पण परतायचं कुठे? घरी तर जर्मन फौजा. मग कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची आणि शेवटी कोल्हापूर संस्थान.

खरी कमाल पुढेच आहे. इतकं सोसून आलेल्या या बायांनी छावणीत काय काय उभं केलं पाहा: शाळा, चर्च, रंगमंच, मुलांची स्काउट पथकं. एवढी धडपड कशासाठी? देश हातात नसतानाही आपली भाषा जपायची, याची पोलिश माणसाला सवयच होती म्हणा ना. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षं पोलंड नकाशावर नव्हताच. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. तरी भाषा टिकली, म्हणून माणसं पोलिश राहिली. तात्रा पर्वतापलीकडच्या स्लोवाकांचं तरी काय वेगळं? पोलिशची सख्खी बहीण असलेल्या स्लोवाक भाषेला ल्युदोवित श्टूर या स्लोवाक अभ्यासकाने १८४३ मध्ये प्रमाण रूप दिलं, तेव्हा स्लोवाक लोक हंगेरीच्या राज्यात राहत होते. त्यांचा आजचा स्वतंत्र देश झाला तो थेट १९९३ मध्ये. आधी व्याकरण, मग सरकार!

युद्ध संपलं, पण वळिवड्यातल्या अनेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. त्यामुळे बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे जगभर पांगले. रिकाम्या झालेल्या छावणीत फाळणीने बेघर झालेले सिंधी आले. कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश पाहुण्यांचं स्मारक आहे. आणि वॉर्सात? तिथे कोल्हापूरच्या नावाचं आहे.