गुरुवारची ती संध्याकाळ

नाताळच्या मंगलदिनी आम्हांस स्मरण होते ते इंग्लंडमधील एपवर्थ गावच्या धर्मोपदेशकाच्या पत्नीचे, सुझाना वेस्ली यांचे. त्यांना १९ अपत्ये झाली. त्यांतील ९ तान्हेपणीच दगावली. १७०५ साली कर्जापायी पतीला तुरुंगवास घडला, १७०९ साली घर आगीत भस्मसात झाले. तरीही मुलांची शाळा घरातच, रोज सहा तास चाले. शिस्त इतकी करडी, की मुलाने रडावे तेही हळू!

परंतु केवळ शिस्तीने मन उमलत नाही, हे त्या माउलीने जाणले. त्याला निमित्त झाली आपलीच भारतभूमी. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत वाचून, १७१२ च्या सुमारास त्यांनी निश्चय केला : रोज सायंकाळी एकेका मुलाशी एकांतात बोलायचे. जॉनचा वार गुरुवार. पुढे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक ठरलेल्या याच जॉनने १७३२ साली, ऑक्सफर्डला अध्यापक असताना, आईपाशी मागितली ती गुरुवारची तेवढीच घटका.

आज अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे मुलांना घरीच शिकवितात. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत त्यास कायद्याची वाट मोकळी झाली. पण आईच गुरू झाली, की गुरूची तक्रार मुलाने कोणापाशी करावी? एपवर्थच्या त्या सायंकाळी याचे उत्तर आहे.

आपल्याही घरी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागतो, मुले हात जोडतात. त्यानंतर त्यांच्या मनातले ऐकावयास आपण घटकाभर बसतो काय?