भाषेपलीकडची अभिनेत्री : एलेओनोरा दूझे आणि जर्मनी

१८९२ च्या अखेरीस बर्लिनच्या लेसिंग थिएटरमध्ये एका इटालियन नाटक मंडळीचे प्रयोग सुरू झाले. बहुसंख्य प्रेक्षकांना इटालियन येत नव्हते. तरीही मंडळीची नायिका एलेओनोरा दूझे हिने जर्मन रसिकांना जिंकले. त्याच वर्षी व्हिएन्नातही तसेच घडले होते. दूझे परदेशातही इटालियनमध्येच अभिनय करी. परक्या श्रोत्यांसाठी तिने भाषा सोडली नाही. तरी तिचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचले ते कसे?

दूझेचा जन्म १८५८ मध्ये उत्तर इटलीतील विजेव्हानो येथे फिरत्या नटांच्या कुटुंबात झाला. बालपणीच ती रंगमंचावर उभी राहिली. त्या काळी नाट्यपूर्ण पवित्रे, घुमवलेला आवाज आणि ठसठशीत रंगभूषा ही थोर अभिनयाची लक्षणे मानली जात. फ्रान्सची सारा बर्नार्ड ही त्या शैलीची सम्राज्ञी. दूझेने रंगभूषा जवळजवळ वर्ज्य केली आणि भर दिला तो हातांच्या हालचालींवर, चेहऱ्यावरील सूक्ष्म बदलांवर आणि मौनावर. शब्द न कळणाऱ्या प्रेक्षकालाही पात्राचे मन वाचता येई, ते यामुळेच.

या कलेची कसोटी एका जर्मन नाटकानेच पाहिली. हेरमान झूडरमान यांच्या ‘हाइमाट’ची नायिका मागदा घर सोडून गायिका होते आणि अनेक वर्षांनी कर्मठ वडिलांच्या घरी परतते. १८९५ मध्ये लंडनमध्ये बर्नार्ड आणि दूझे या दोघींनी एकाच हंगामात ही भूमिका केली. आपल्या अपत्याचा पिता अचानक समोर येतो, तेव्हा दूझेचा चेहरा खरोखरच लाजेने आरक्त झाला, असे समीक्षक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी नोंदवले. त्यांचा कौल अर्थातच दूझेकडे होता.

जर्मनीशी तिचे नाते रंगमंचापुरते उरले नाही. म्युनिकचे चित्रकार फ्रान्झ फॉन लेनबाख यांनी तिची व्यक्तिचित्रे रंगवली, तर कवी रिल्के यांनी आपले एक काव्यनाट्य तिला अर्पण केले. बर्लिनचे बँकर रोबेर्ट फॉन मेंडेल्सझोन तिच्या मिळकतीची व्यवस्था पाहत. त्यांच्या मुलीचे नावही एलेओनोरा ठेवले गेले. पुढे तीही अभिनेत्री झाली.

१९०९ मध्ये दूझेने रंगभूमीचा निरोप घेतला. मात्र पहिले महायुद्ध आणि त्यानंतर जर्मन मार्कची घसरण यांत बर्लिनमध्ये ठेवलेली तिची पुंजी आटली. १९२१ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तिला पुन्हा रंगमंचावर यावे लागले. तूरिनमध्ये तिने निवडले ते इब्सेनचे ‘समुद्रकन्या’ हे नाटक. केस पांढरे झाले होते, ते तिने लपवले नाहीत. अमेरिकेच्या दौऱ्यात, २१ एप्रिल १९२४ रोजी, पिट्सबर्ग येथे तिचे निधन झाले. तिच्या इच्छेनुसार इटलीतील आसोलो येथे तिचे दफन झाले.

तिचा वारसा आजच्या अभिनयात सर्वत्र आहे. रशियात तिचे प्रयोग पाहिलेल्या स्तानिस्लाव्हस्की यांच्या अभिनयपद्धतीमागे तिची प्रेरणा मानली जाते. मराठी रंगभूमीवर १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून ज्या वास्तवदर्शी अभिनयाची चर्चा होत आली, त्याचीही पाळेमुळे याच युरोपीय परिवर्तनात आहेत. परक्या देशात आपली भाषा आणि आपली कला टिकवू पाहणाऱ्यांसाठी दूझेची कहाणी इतकेच सांगते, की स्वतःच्या भाषेत खोलवर उतरलेले बोलणे परक्यालाही उमगते.